विमान २७ मिनिटांचं, प्रवास पाच तासांचा : अंतर आणि वेळ बघताना या चुका टाळा

"ओ मालक, हितं तर सत्तावीस मिनिटं लिहिलंय की!"

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वे-बसची तिकिटं, आणि आता विमानाचीही. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं. तेव्हापासून रोज कोणीतरी मोबाइल पुढे करून सोलापूर–मुंबईचा हा सत्तावीस मिनिटांचा आकडा दाखवतं. दाखवणारे बहुतेक एकदा तरी फसलेले असतात. वरचं वाक्य एका चादरीच्या व्यापाऱ्याचं. त्यांनी हिशेब मांडला होता : दुपारी एकचं विमान, दीडला मुंबई, अडीचला काळबादेवीत मुळजी जेठा मार्केटात पार्टीसमोर. प्रत्यक्षात ते मार्केटात पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पार्टी दुसरीकडे निघून गेली होती. विमान एक मिनिटही उशिरा सुटलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विमानालाच शिव्या घातल्या.

मग हे सत्तावीस आले कुठून? सोलापूर आणि मुंबई विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर भरतं सुमारे ३६२ किलोमीटर. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट विमानाचा वेग सरसकट ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर धरतात. ३६२ ला ८०५ ने भागा, सत्तावीस मिनिटं येतात. गणितात खोट नाही. पण या गणितातलं विमान होटगी रोडच्या धावपट्टीवर उभ्या उभ्या ८०५ चा वेग घेतं आणि त्याच वेगात सांताक्रूझला जाऊन थांबतं.

शहाण्या साइट यात उड्डाण-उतरणीची तीस मिनिटं मिळवतात आणि ५७ मिनिटं दाखवतात. खालच्या बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. दोन साइटवर दोन वेगळे वेळ दिसले की लोक विचारतात, खरा कोणता? पहिल्यांदा ती बारीक ओळ वाचा. तीस मिनिटं मिळवलेली नसतील तर तुम्ही मिळवा.

आणि एक. ही साइट विमान आहे की नाही हे बघत नाही. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. त्याआधी ती विमानाच्या वाटेत उभी होती आणि इथून प्रवासी विमान उडत नव्हतं, तेव्हासुद्धा या साइट सोलापूर–मुंबई "विमानाचा वेळ" ठणठणीत दाखवायच्या. आजही सोलापूर–तिरुपती टाकून बघा. सुमारे ५८९ किलोमीटर, सव्वा तास. अशोक चौकातली एक आजी हा सव्वा तास नातवाच्या मोबाइलवर बघून माझ्याकडे आली होती, "सकाळी जाऊन दर्शन करून रात्री माघारी" असं ठरवूनच. थेट विमान नाही म्हटल्यावर तिला वाटलं मी कमिशनसाठी लपवतोय! अंतराची साइट दोन बिंदूंमधली रेघ मोजते. त्या रेघेवर कोणी विमान चालवतं का, हे तिकिटाच्या साइटवरच कळतं, आणि तिथेही "फक्त थेट विमानं" ही खूण लावल्यावरच. नाहीतर बेंगळुरूला सहा तास बसवून नेणारा प्रवाससुद्धा त्याच यादीत दिसतो.

सगळी विमानं एका वेगाची नसतात

गोव्याला जाणारं फ्लाय९१ चं विमान एटीआर ७२ आहे, पंखे असलेलं. त्याचा वरच्या हवेतला वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. मुंबईला स्टार एअर एम्ब्रेअर जेट वापरते, ते आठशेच्या पुढे जाऊ शकतं. सोलापूर ते मोपा, म्हणजे गोव्याचा हे विमान उतरतं तो विमानतळ, सरळ अंतर सुमारे ३०५ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. तरीही गोव्याला वेळ फार कमी लागत नाही. ३०५ ला ५०० ने भागलं तर ३७ मिनिटं, वर तीस, म्हणजे एक तास सात मिनिटं. साइट मात्र सगळ्यांना एकाच काट्याने मोजते आणि ५३ मिनिटं सांगते. तेव्हा तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो बघा. एटीआर असेल तर साइटचा आकडा सोडून द्या आणि पाचशेने भागा.

जवळच्या अंतराला जेटचा फायदाही फारसा मिळत नाही. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, उतरायला तेवढीच किंवा जास्त. सोलापूर–मुंबईत पूर्ण वेगाने जाण्याचा वेळ जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. त्यात मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की आकाशात घिरट्या आल्याच. वाऱ्याने दिशा बदलली आणि उलट बाजूने उतरायचं ठरलं, तर आपल्याकडून गेलेलं विमान शहर ओलांडून समुद्रावर जातं आणि तिथून वळून येतं. खिडकीतून समुद्र दिसला की नवखे प्रवासी खूश होतात. जाणकार घड्याळ बघतात.

म्हणूनच जवळच्या प्रवासात तिकिटावरचा वेळ साइटच्या वेळेपेक्षा बहुतेक मोठा असतो. तो धावपट्टी सोडल्यापासूनचा नसतो. विमान जागेवरून हललं तिथपासून ते मुंबईत जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंतचा असतो, आणि कंपन्या त्यात थोडा उशीरही आधीच धरून ठेवतात. त्यामुळे "दहा मिनिटं लवकर पोचलो" असं वैमानिक अभिमानाने सांगतो, तेव्हा पुष्कळदा विमान आपल्या नेहमीच्याच वेळात आलेलं असतं.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजा

त्या चादरवाल्या शेठना मी नंतर कागदावर हिशेब लिहून दिला. जुळे सोलापुरातून होटगी रोडचा विमानतळ, रिक्षा मिळून निघेपर्यंत अर्धा तास. सामान देण्याची खिडकी देशांतर्गत विमानाला साधारण एक तास आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोचायचं. सव्वा तासाचं विमान. उतरून, बस किंवा पुलावरून बाहेर येऊन, पट्ट्यावरून बॅग उचलेपर्यंत अर्धा तास. तिथून काळबादेवी, दुपारच्या वेळी तास-सव्वा तास. बेरीज पाच तासांकडे जाते.

वंदे भारत सोलापूरहून मुंबईला साडेसहा तास घेते. रेल्वेचं अंतर ४५५ किलोमीटर, कारण रूळ दौंड-पुण्यावरून जातात आणि भोर घाट उतरतात. विमानापेक्षा नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जास्त. पण स्टेशन गावात आहे, दीड तास आधी जावं लागत नाही, आणि गाडी सीएसएमटीला सोडते, जिथून मार्केट जवळ आहे. ज्याचं काम अंधेरीत किंवा वांद्र्यात आहे त्याला विमान निश्चित सोयीचं. काळबादेवीवाल्याला फरक दीड-दोन तासांचा, आणि तिकिटात फरक किती ते त्याने स्वतः बघावं. मी विमानाचं तिकीट विकतो, तरी हे सांगतो. माझं गिऱ्हाईक टिकतं ते यामुळेच, असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही.

"जवळचा विमानतळ" हा शब्दही इथेच फसवतो. दिल्लीला किंवा परदेशी जायचं असलं की सोलापूरकर पुणे धरतो, कारण नकाशात पुणे जवळ. सरळ रेषेत पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे २३८ किलोमीटर, हैदराबादचा शमशाबाद सुमारे २६८. फरक तीस किलोमीटरचा. पण लोहगाव पुण्याच्या ईशान्येला आहे. सोलापूर रस्त्याने गेलात की हडपसरला गर्दीत शिरता आणि मुंढवा-खराडीतून वाट काढता. शमशाबादला मात्र पटणचेरूजवळून बाहेरचा रिंग रोड लागतो, आणि हैदराबाद शहरात न शिरताच विमानतळ येतो. मी स्वतः दोन्हीकडे गेलोय. पुण्याचा शेवटचा तास आणि हैदराबादचा शेवटचा तास यांची तुलना होत नाही. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू घरांना हे पूर्वीपासून माहीत आहे. त्यांचे पाहुणेच तिकडे आहेत.

बोरामणीबद्दल एक वाक्य. तिथे विमानतळासाठी जमीन घेतलेली आहे म्हणून नकाशावर नाव दिसतं, पण विमान पकडायचं ते होटगी रोडला. बाहेरगावच्या ड्रायव्हरला हे निघतानाच सांगा.

रात्री बाराचा घोळ

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, आणि ती माझ्याच घरात झाली, तीही मी तिकिटाच्या धंद्यात असताना.

भाच्याला दुबईला नोकरी लागली. तिकीट त्याच्या कंपनीने काढून पाठवलं : १२ तारीख, ०१:१० वाजता, मुंबईहून. ताईने शेजारीपाजारी सांगितलं, बारा तारखेला रात्री एकचं विमान आहे. आम्ही बारा तारखेच्या सकाळच्या गाडीचं रिझर्व्हेशन केलं. निवांत पोचू, दादरला मामेभावाकडे जेवू, मग विमानतळावर सोडू. अकरा तारखेला संध्याकाळी ताई शेंगा चटणीच्या पिशवीला तिसरी पिशवी घालत होती, तेल गळू नये म्हणून. तेवढ्यात भाच्याच्या मोबाइलवर मेसेज आला : तुमचं विमान सहा तासांत सुटत आहे.

कोणाला काही सुचेना. मी म्हणालो, मेसेज चुकलाय. तिकीट हातात घेऊन तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुंबई सडकेने चारशे किलोमीटर, सात तास. परदेशी विमानाला तीन तास आधी जायचं असतं. म्हणजे ज्या वेळेला आम्ही दादरला असायला हवं होतं, त्या वेळेला आम्ही सोलापुरात कडक भाकरी मोजत होतो. विमान गेलं. नवं तिकीट भाच्याच्या पहिल्या पगारातून वळतं झालं. ताई अजून मला "तिकीटवाला" म्हणून हाक मारते, आणि त्यातला कडवटपणा कमी झालेला नाही.

ही चूक आपल्याला सहज होते, याला कारण आहे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पंचांगात तिथी सूर्योदयाची धरतात, आणि बोलण्यातही "आज रात्री दोन वाजता" म्हणजे अजून आजच. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बाराला उलटतो. आखाती देशांची आणि युरोपची पुष्कळ विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून गाठ नेमकी इथेच पडते. तिकिटावर ००:०० ते ०४:०० मधला वेळ दिसला की कागदावर आदल्या दिवसाची तारीख लिहा आणि तिच्यापुढे "या रात्री विमानतळावर" असं लिहून फ्रिजला चिकटवा. मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला हे लिहूनच देतो. इंग्रजीतला बारा-चाळीस एएम आणि पीएम यातही असाच गोंधळ होतो. चोवीस तासांचं घड्याळ मोबाइलला लावून ठेवलं की तो प्रश्न मिटतो.

दुबईचाच दुसरा फास बघा. तिकिटावर सुटण्याचा वेळ सुटणाऱ्या गावाच्या घड्याळाने आणि पोचण्याचा वेळ पोचणाऱ्या गावाच्या घड्याळाने लिहितात. समजा मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईला ११:४५ ला पोचायचं आहे. वजाबाकी केली तर पावणेदोन तास! अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, एवढ्या वेळात ते कोणतंच प्रवासी विमान कापत नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. ते मिळवा, सव्वातीन तास झाले. येताना उलटं : तिकडून दुपारी एकला निघून इकडे साडेपाचला उतरलं तर साडेचार तास वाटतात, प्रत्यक्षात तीन. इंग्लंडला आणखी एक गाठ आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. त्यामुळे आपला आणि त्यांचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. नेहमी लागणारा वेळ अचानक तासाने वाढलेला दिसला तर आधी महिना बघा.

वेळ तपासायचाच असेल तर वजाबाकी करू नका. तिकिटावर "एकूण कालावधी" वेगळा लिहिलेला असतो. तोच खरा.

नकाशावरची सरळ रेघ सरळ नसते

अमेरिकेत मुलगा असलेले एक निवृत्त सर विमानातल्या पडद्यावरचा नकाशा बघून चांगलेच वैतागले होते. "मुंबईहून न्यूयॉर्क पश्चिमेला आहे. हा बाबा उत्तरेला कुठे चाललाय? वाट वाकडी करून पैसे जास्त घेतात." भूगोल शिकवलेला माणूस, म्हणून मला आणखी नवल वाटलं.

घरात पृथ्वीगोल नसेल तर कलिंगड घ्या. एका बाजूला मुंबईची खूण करा आणि पलीकडे, जरा वरच्या अंगाला, न्यूयॉर्कची. आता मागावरचा धागा ताणतात तसा दोन्ही खुणांमध्ये दोरा घट्ट ताणा. तो मधल्या आडव्या वाटेने राहत नाही, वरच्या बाजूने सरकतो. मुंबई–न्यूयॉर्क दोरा असाच ताणला तर तो आइसलँडवरून जातो, आणि ते अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरतं. सपाट नकाशात हीच वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते. साइट जे अंतर सांगते ते या ताणलेल्या दोऱ्याचं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं आणि साइटचं जुळत नसेल तर पट्टी चुकली समजा.

पण विमान या दोऱ्यावरूनही जातंच असं नाही. युद्ध, बंद आकाश, वादळं, सगळं आडवं येतं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं. अंतराची साइट या काळातही तोच जुना आकडा दाखवत राहिली, कारण दोन शहरं काही जागची हलली नव्हती. लांबच्या प्रवासाचा वेळ म्हणूनच एक-दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला धरू नका. ज्या कंपनीने जाणार तिचा, त्या महिन्याचा बघा.

आणि वारा! वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. मुंबई–लंडन अंतर जाताना-येताना तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर, तरी येताना साधारण तासभर कमी लागतो. यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एअर इंडियाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता उलट बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. वाट जुन्या वाटेपेक्षा सुमारे चौदाशे किलोमीटर लांब, १५,३०० किलोमीटर. पण वारा पाठीला. साडेचौदा तासांत उतरलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. अंतर जास्त, वेळ कमी. वाऱ्यावर पतंग उडवलेल्या कोणालाही हे सांगून पटतं, पण साइटला सांगता येत नाही. ती जाताना आणि येताना एकच वेळ दाखवते.

एका नावाचे दोन गाव, एका गावाचे दोन विमानतळ

शोधताना नुसतं "गोवा" टाकलंत तर काही साइट पणजी शहराच्या मध्यापासून मोजतात, काही दाबोळीपासून, काही मोपापासून. सोलापूरचं विमान उतरतं मोपाला, पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेला. दाबोळी वास्कोजवळ. दोघांमध्ये सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. दक्षिण गोव्यात मडगावला हॉटेल घेऊन मोपाला उतरलेल्या एका कुटुंबाने टॅक्सीचा आकडा मला फोनवर ऐकवला होता, जणू मीच मीटर फिरवला. मोपाचा तिकिटावरचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. सोलापूरचा एसएसई.

मुंबईतही आता दोन. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली, कोड एनएमआय. जुन्याचा बीओएम. दोघांमध्ये सरळ रेषेत चोवीसेक किलोमीटर, पण मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर चार-पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

मुलं सॅन होजेला असलेल्या आईबापांनी तर डोळे उघडे ठेवूनच शोधावं. एक कॅलिफोर्नियातलं, कोड एसजेसी. दुसरं मध्य अमेरिकेत कोस्टा रिकामधलं, कोड एसजेओ. मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लंडन ही नावंसुद्धा इंग्लंडबाहेर आहेत, लंडन तर कॅनडातही आहे. अंतर अपेक्षेपेक्षा हजारो किलोमीटरने वेगळं दिसलं तर साइटला दोष देण्याआधी देशाचं नाव वाचा.

जोड-प्रवासातली चूक वेगळी. सोलापूर–मुंबई एक तिकीट, मुंबई–अमेरिका दुसरं, दोन्ही स्वस्त बघून वेगवेगळी काढली, की पहिलं विमान उशिरा झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. तिच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. सामानही मुंबईत उचलून पुन्हा द्यावं लागतं. एकाच पीएनआरवर सगळं असेल तर पुढची सोय करणं कंपनीचं काम होतं. वेगळी तिकिटंच काढायची असतील तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा. सोलापूरचं विमान दिवसातून मोजकं, ते चुकलं तर तासाभराने दुसरं नाही.

बारीकसारीक, पण रोज दिसणारं

साइटवर "१.२५ तास" लिहिलं असेल तर तो एक तास पंचवीस मिनिटं नव्हे, सव्वा तास. पॉइंटनंतरच्या आकड्याला साठने गुणा.

मैल दोन प्रकारचे असतात. साधा मैल १.६०९ किलोमीटर, सागरी मैल १.८५२. सोलापूर–मुंबई साध्या मैलात २२५, सागरी मैलात १९५, आणि दोन्ही बरोबर. विमानवाले सागरी मैल वापरतात, वेग नॉटमध्ये सांगतात, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल. एकाच पानावर हे तिन्ही आकडे असतात आणि माणूस घाईत चुकीचा उचलतो.

दोन साइटमध्ये एक-दोन किलोमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरून मोजतं, कोणी ध्रुवांशी जराशी चपटी धरून. शिवाय कोणी शहराच्या मध्यापासून, कोणी धावपट्टीपासून. फरक वीस-तीस किलोमीटरचा असेल तर मात्र यादीतला विमानतळ बघा. आणि शंभराच्या वर गेला तर बहुतेक एकीकडे हवाई अंतर आहे आणि दुसरीकडे सडकेचं. काही पानांवर दोन्ही शेजारी शेजारी असतात, एक मोठ्या अक्षरात, दुसरं बारीक.

ते चादरवाले शेठ परवा पुन्हा आले होते. जाताना वंदे भारत, येताना विमान, असं त्यांनी ठरवलंय. सकाळी सहाच्या सुमारास निघायचं, दुपारी साडेबाराला सीएसएमटी, चालत मार्केट. येताना मुक्काम अंधेरीच्या भाच्याकडे करून दुसऱ्या दिवशी विमान. "आठवड्यातून एक दिवस वंदे भारत नसते," मी म्हणालो. त्यांनी खिशातून कागद काढला. माझ्याच अक्षरातला तो जुना हिशेब होता, पाठीमागे त्यांनी गाडी नसलेला वार लिहून ठेवला होता.